वाहनतळाचे पैसे कोण मोजतो?

जवळा बाजार हे हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील गाव. येथे कृषी उत्पन्न बाजार समिती असल्याने आसपासच्या खेड्यांची ये-जा असते. मराठवाड्यातील अशा बाजारगावांची जुनी घडण पायी चालणाऱ्याच्या सोयीने झाली : रस्त्यालगत दुकान, मागे किंवा माडीवर बिऱ्हाड, आणि नित्याच्या गरजा हाकेच्या अंतरावर. या गावांत सदनिकांच्या इमारती उभ्या राहतील, तेव्हा त्या कोणत्या नियमाने बांधाव्यात, याचा विचार आजच व्हावयास हवा.

शहरांतील प्रघात सर्वपरिचित आहे. इमारत खांबांवर उचलावयाची आणि तळमजला वाहनांना द्यावयाचा. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने सदनिकांच्या आकारानुसार वाहनतळ अनिवार्य केला आहे. एका मोटारीस 2.5 मीटर रुंद व 5 मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. आत-बाहेर करण्याची वाट निराळीच. एवढ्या जागेत एखादे दुकान सहज सामावते.

ही जागा फुकट मिळते, हा मात्र भ्रम होय. 1963 च्या सदनिका कायद्याचा अर्थ लावताना, खांबांखालील वाहनतळ विकासकाला स्वतंत्रपणे विकता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दिला. ग्राहकाची अडवणूक रोखणारा तो निर्णय स्वागतार्हच होता. परंतु निर्णयाने बांधकामाचा खर्च नाहीसा होत नाही. तो बहुधा सदनिकेच्या किमतीत मिसळतो. मग सायकलीवरून शाळेत जाणारा शिक्षक आपल्या कर्जाच्या हप्त्यातून शेजाऱ्याच्या मोटारीच्या जागेचेही पैसे फेडीत राहतो. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी 2005 च्या आपल्या ग्रंथात हाच छुपा भार उलगडून दाखविला होता.

सक्ती उठविल्यास मोटारी रस्ता अडवतील, हा आक्षेप रास्त आहे. जपानने 1962 च्या कायद्याने त्यावर तोड काढली. तेथील शहरांत मोटार घेणाऱ्यालाच ती ठेवण्याच्या जागेचा दाखला द्यावा लागतो. भार ज्याचा, त्याच्याच शिरावर राहतो.

बाजारगावांत वाहनतळाची सक्ती सैल करावी, तळमजल्यावर दुकानांना वाव द्यावा आणि बाजाराच्या कडेला सामायिक सशुल्क वाहनतळ उभारावा. गृहसंस्थांनीही वाहनधारकांकडून योग्य शुल्क घेऊन ते सर्वांच्या देखभालखर्चात वळते करावे. जेथे हातात पिशवी घेऊन पायी बाजार करता येतो, तेथे न घेतलेल्या मोटारीचा खर्च कारकुनाच्या व शिक्षकाच्या माथी मारणे न्यायाला धरून नाही.