आतला जॉइंट

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मेकॅनिकच्या ओळखीची एक वस्तू गाडीखालून नाहीशी झाली. कुर्ल्याची पद्मिनी असो की अ‍ॅम्बॅसेडर, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. मधे लांबलचक प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या टोकांना क्रॉसचे जॉइंट. मारुतीत मात्र पुढचीच चाकं गाडी ओढतात. म्हणजे जी चाकं वळतात, खड्ड्यात वर-खाली होतात, त्यांनाच इंजिनाची ताकद पोचवायची.

हे काम साध्या क्रॉसचं नव्हे. कोनात फिरणारा क्रॉस एका फेरीत दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. कोन वाढला की हे चाकाला सोसत नाही. त्यावरचा उपाय फोर्डमधले अभियंते आल्फ्रेड झेपा यांनी १९२०च्या दशकात काढला: सहा गोळ्यांचा, मोठ्या कोनात वळला तरी एकसारखा वेग देणारा जॉइंट. १९५९ च्या ब्रिटिश मिनीने तो सर्वसामान्यांच्या गाडीत आणला. आजही चाकाकडच्या बाजूला बहुधा हाच जॉइंट असतो. तो बिघडला की पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना कट-कट वाजतो, आणि ते मालकालाही कळतं.

गिअरबॉक्सकडचा, आतला जॉइंट मात्र अबोल. अनेक गाड्यांत तो तीन पायांचा असतो. प्रत्येक पायावर सुयांच्या बेअरिंगवर फिरणारा एक रोलर, आणि हे तिन्ही रोलर एका कपातल्या तीन खाचांत बसतात. चाक वर-खाली झालं की शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हावी लागते, म्हणून रोलर खाचेत आत-बाहेर सरकतात. गाडी बहुतेक वेळ एकाच उंचीवर चालते. त्यामुळे झीज खाचेत ठरावीक जागी होते आणि तिथे बारीक खळगा पडतो. इंजिनाने जोर लावला की रोलर त्या खळग्यात अडकतो, घासतो, आणि फेरीत तीनदा शाफ्टला आडवा ढकलतो. सगळी गाडी डावी-उजवी थरथरते. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की शांत.

इथेच खरी निदानाची किल्ली आहे, आणि बहुतेक गॅरेजांत नेमकी तीच वापरली जात नाही. गाडी थरथरते म्हटलं की आधी प्लग बदलतात, मग व्हील बॅलन्सिंग, मग इंजिनाचं फाउंडेशन. बिल वाढतं, थरथर तशीच. खरं तर बॉनेट उघडण्याआधी मेकॅनिकने गाडीत बसून एक चक्कर मारायला हवी. ती मारणारा मेकॅनिक भेटला तर त्याला सोडू नये.

हिशोब सोपा आहे. १७५/६५ आर १४ टायरचा घेर साधारण १.८३ मीटर. ताशी ७२ किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे ११ फेऱ्या मारतं. चाक असमतोल असेल तर सेकंदाला ११ हिसके, आणि ते अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळतानाही राहतात. आतला जॉइंट त्याच वेगाला ३३ हिसके देतो, पण फक्त जोर असताना. इंजिन मिसिंग मारत असेल तर हिसका चाकाशी नव्हे, इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला असतो: ३००० आरपीएमला एक सिलिंडर पेटत नसेल, तर सेकंदाला २५. म्हणून मोकळ्या रस्त्यावर तोच वेग तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये घेऊन पाहावा. गिअर बदलल्यावर थरथरीची चाल बदलली तर शोध इंजिनाकडे वळवा. चाल तीच राहिली आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच थरथर थांबली तर शाफ्टकडे. जागेवरून निघतानाच गाडी थरथरत असेल आणि वेग आल्यावर थांबत असेल, तर क्लच प्लेटवर संशय घ्यावा.

मिसिंगचा कोड स्कॅनर दाखवतो. कॉइल, प्लग, इंजेक्टर यांच्यासाठी त्याचा उपयोग निर्विवाद आहे. पण शाफ्टला सेन्सरच नसतो. ‘कॉम्प्युटरमध्ये काही नाही’ हे उत्तर त्यामुळे इथे पुरेसं नाही.

जॉइंट झिजण्याचं मूळ कारण अनेकदा त्यावरचा रबरी बूट. तो चिरला की ग्रीस बाहेर उडतं आणि पाणी-चिखल आत शिरतो. कोकणातल्या पावसाळ्यात याला फार वेळ लागत नाही. चाकामागच्या भागात काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर तो बूट लगेच बदलावा. थरथर सुरू झाल्यावर नुसता बूट आणि नवं ग्रीस घालून भागत नाही, कारण पडलेला खळगा ग्रीसने भरत नाही. इंजिनाचं फाउंडेशन बसलं असेल तर शाफ्टचा कोनही बिघडतो. ते तसंच ठेवून नवा जॉइंट टाकणं म्हणजे त्यालाही त्याच वाटेला लावणं.

दुरुस्ती अवघड नाही, पण आळस खपवून घेत नाही. अ‍ॅक्सलचा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा. शाफ्ट ओढताना गिअर ऑइल वाहतं, म्हणून खाली भांडं, ऑइल सील नवं, आणि शेवटी ऑइलची पातळी पुन्हा पूर्ण. घट्ट करताना नट नवा, आणि पाना टॉर्क मोजणारा. अंदाजाने आवळलेला नट चाकाचं बेअरिंग खातो. ‘रिकंडिशन’ शाफ्ट स्वस्त पडतो, पण खाच घासून गुळगुळीत केली आणि रोलर जुन्याच मापाचे ठेवले, तर मोकळीक वाढते. घ्यायचाच असेल तर कोणते भाग नवे घातले ते विचारून घ्यावा.