तलावांचा जिल्हा म्हणून भंडारा सगळ्यांना माहितीय, पण तिथल्या डोंगरांची गोष्ट माहितीय का?

भंडारा म्हटलं की काय आठवतं? धान, तलाव, वैनगंगा आणि पितळेची भांडी. शाळेच्या पुस्तकातही हेच असतं. महाराष्ट्रातले डोंगर म्हटलं की आपण सह्याद्री सांगतो, फार तर सातपुडा. भंडाऱ्याचं नाव कुणी घेत नाही.

पण नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर भंडारा, लाखनी मागे टाकून साकोली गाठली की दोन्ही बाजूंना जंगल आणि टेकड्या दिसू लागतात. उत्तरेला तुमसरकडे गेलं तर सातपुड्याच्या पायथ्याचे डोंगर सुरू होतात. उंचीच्या बाबतीत हे डोंगर कळसूबाईच्या आसपासही जात नाहीत. तरीही गोंड राजांचा किल्ला, तलाव, मँगनीजच्या खाणी आणि नागझिऱ्याचा वाघ या सगळ्यांची मुळं याच डोंगरांत आहेत.

ती कशी, ते पाहूया.

हे डोंगर नेमके आहेत कुठे?

सोप्या भाषेत सांगायचं तर दोन पट्टे लक्षात ठेवा.

पहिला उत्तरेकडचा. तुमसर तालुक्यातल्या या डोंगरांना आंबागडचे डोंगर म्हणतात. सातपुड्याचाच हा खाली उतरलेला भाग. पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा लागतो.

दुसरा पूर्वेकडचा, म्हणजे गायखुरीची रांग. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांच्या सीमेवर ती पसरली आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि ही रांग दोन जिल्ह्यांत वाटली गेली. नागझिरा याच रांगेत आहे. त्याला लागून असलेलं कोक्याचं जंगल भंडारा शहरापासून फार लांब नाही.

आंबागड कुणी बांधला?

सतराव्या शतकाच्या शेवटी या भागावर देवगडच्या गोंड राजांची सत्ता होती. देवगड म्हणजे आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातलं. तिथला सगळ्यांत नावाजलेला राजा बख्त बुलंद शाह. १७०२ मध्ये नागपूर वसवणारा तो हाच.

त्याच्या राज्याला डोंगराळ मुलखावर नजर ठेवायला जागा हवी होती. १७०० च्या सुमारास त्याचा सुभेदार राजा खान पठाण याने तुमसरजवळच्या डोंगरावर किल्ला बांधला, तो आंबागड. खाली वैनगंगेच्या खोऱ्यातला सुपीक मुलूख आणि पाठीशी सातपुड्याचं जंगल. जागा का निवडली असेल, हे वर उभं राहिलं की कळतं.

अठराव्या शतकाच्या मध्यावर सत्ता नागपूरकर भोसल्यांकडे गेली. त्यांनी आंबागडचा वापर तुरुंग म्हणून केला. इथल्या विहिरीचं पाणी विषारी होतं आणि ते पिऊन कैदी मरायचे, असं परंपरेनं सांगितलं जातं. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारसाविना वारले, पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि किल्ल्याचं महत्त्व संपलं. आज तिथे तटबंदी, बुरूज आणि भोवती जंगल आहे.

याच डोंगराळ पट्ट्यात गायमुख आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. चांदपूरच्या टेकडीवर हनुमानाचं मंदिर आणि खाली मोठा जलाशय आहे. सुट्टीच्या दिवशी भंडारा-तुमसरची कुटुंबं डबे घेऊन इथेच येतात.

तलावांचा डोंगराशी काय संबंध?

भंडारा तलावांचा जिल्हा झाला, त्याचं कारण डोंगरच आहेत.

इथे पाऊस भरपूर पडतो, पण चार महिन्यांत येतो आणि वाहून जातो. धानाला मात्र बांधीत पाणी उभं लागतं. रोवणी झाल्यावर पावसानं पंधरा दिवस दडी मारली की पीक गेलंच समजा. मग गोंड राजांच्या काळात एक पद्धत रूढ झाली. जो तलाव बांधेल, त्याला जमिनीचे हक्क मिळायचे. तलाव बांधण्यात सगळ्यांत पुढे होता कोहळी समाज.

त्यांची युक्ती साधी होती. दोन टेकड्यांच्या मधली सखल जागा हेरायची आणि तिथे मातीची पाळ घालायची. तीन बाजूंनी डोंगर असल्यामुळे भिंत एकाच बाजूला लागायची. उतारावरचं पाणी आपोआप जमायचं आणि पाटानं खालच्या बांध्यांत जायचं. वरचा तलाव भरला की पाणी खालच्या तलावात.

इंग्रजांच्या काळात हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते, म्हणून त्यांना आजही मामा तलाव म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारकडे गेले. पण गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं ही गावानं मिळून करायची कामं मागे पडली आणि अनेक तलाव गाळानं भरत गेले.

यात वरच्या जंगलाचाही वाटा असतो. उतारावर झाडं असली की माती जागेवर राहते. झाडं गेली की तीच माती पावसाबरोबर तलावात येते. म्हणजे डोंगर उघडा पडला की त्याचा फटका खालच्या शेतकऱ्याला बसतो.

डोंगराच्या पोटात काय आहे?

मँगनीज. पोलाद बनवायला ते लागतंच. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉयल या सरकारी कंपनीच्या खाणी आहेत. चिखल्याला जमिनीखाली उतरून खनिज काढतात, तर डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीचे सेल बनवायला वापरलं जातं.

खाणींनी रोजगार दिला, हे खरं आहे. पण ज्या डोंगरातून पाणी आणि जंगल मिळतं, त्याच डोंगरातून खनिजही निघतं. त्यामुळे यातलं काय किती जपायचं, हा प्रश्न इथे कायम राहणार.

आणि नागझिरा?

१९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झालं. व्यंकटेश माडगूळकर इथे येऊन राहिले आणि त्यांनी 'नागझिरा' हे पुस्तक लिहिलं. मराठी वाचकांना हे जंगल कळलं ते मुख्यतः त्यामुळे.

डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही जंगलं एकत्र करून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. राज्यातला हा पाचवा व्याघ्र प्रकल्प. त्याचं गाभा क्षेत्र साधारण ६५६ चौरस किलोमीटर आहे. वाघ, बिबट्या, अस्वल, रानगवा, रानकुत्री, सांबर असे सगळे इथे आहेत. भंडाऱ्याच्या बाजूनं जायचं असेल तर साकोली तालुक्यातलं पिटेझरी गेट आहे.

पण हे जंगल नकाशावर बघा. उत्तरेला कान्हा, पश्चिमेला पेंच, दक्षिणेला ताडोबा आणि मधोमध नवेगाव-नागझिरा. वयात आलेला वाघ नवीन जागा शोधायला निघतो, तेव्हा तो याच डोंगरांच्या आडोशानं जातो. यालाच कॉरिडॉर म्हणतात. थोडक्यात, वाघांची पायवाट.

जय नावाचा वाघ आठवतो? तो नागझिऱ्याचा. २०१३ मध्ये तो इथून निघाला आणि पवनीच्या बाजूच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पोहोचला. तिथे तो इतका गाजला की त्याला बघायला देशभरातून पर्यटक येऊ लागले. एप्रिल २०१६ नंतर तो कुणालाच दिसला नाही.

जय निघू शकला, कारण वाट शिल्लक होती. पण नवेगाव आणि नागझिरा यांच्या मधूनच मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. ब्रह्मपुरीत वाघ जास्त होते, इथे जागा होती. जे काम पायवाटेनं व्हायचं, ते माणसाला गाडीतून करावं लागलं.

यावर उपाय आहे का?

आहे. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर महामार्गावर रस्ता उंच उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली आहे. तिथून वाघ ये-जा करतात, हे कॅमेऱ्यांत दिसलंय.

जगातही हा विचार नवा नाही. मध्य अमेरिकेत मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून पनामापर्यंतचे डोंगर आणि जंगलं जोडण्यासाठी १९९७ मध्ये तिथले देश एकत्र आले. जग्वारसारख्या प्राण्यांना सीमा कळत नाहीत, हाच त्यामागचा विचार. कोस्टारिका आणि पनामाच्या सीमेवरच्या तालामांका डोंगरात तर दोन्ही देशांचं मिळून ला अमिस्ताद नावाचं उद्यान आहे. ला अमिस्ताद म्हणजे मैत्री.

आपल्याकडे तर देशही एकच आहे. जिल्हे आणि राज्यं वेगळी, इतकंच.

जायचं असेल तर?

नागपूरहून भंडारा साधारण ६० किलोमीटर आहे. रेल्वेनं भंडारा रोड म्हणजे वरठी, किंवा तुमसर रोड स्टेशनला उतरता येतं. आंबागड, गायमुख आणि चांदपूर पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत बघा. नागझिरा पावसाळ्यात बंद असतं. वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात जास्त, कारण प्राणी पाणवठ्यावर येतात. पण भंडाऱ्याचं ऊन कसं असतं, ते तिथल्या माणसाला विचारूनच निघा.

आणि आंबागडावर चढलात तर फक्त किल्ल्याचे फोटो काढून परतू नका. वरून खाली बघा. जंगल, त्याखाली तलाव आणि तलावाखाली धानाच्या बांध्या, असा क्रम दिसेल. डोंगर नसता तर खालचं काहीच नसतं, हे तेव्हा वेगळं सांगावं लागत नाही.