पाणबुडी व किनाऱ्यावरचा कारागीर

जालन्याहून समुद्र सुमारें चारशें किलोमीटर दूर. येथें मोडीचें लोखंड वितळवून सळया काढणाऱ्या भट्ट्या आहेत, बियाणांचा मोठा उद्योग आहे, मोसंबीच्या बागा आहेत. खाऱ्या वाऱ्याशीं मात्र या जिल्ह्याची ओळख नाहीं. तरी एक धागा आहेच. विशाखापट्टणम येथें नौदलाचें पाणबुड्यांविषयींचें जें शिक्षणकेंद्र आहे, त्यास 'सातवाहन' हें नांव आहे. पैठण ज्यांची राजधानी आणि ज्यांच्या कांहीं नाण्यांवर जहाजाची आकृति आढळते, तेच हे सातवाहन. व पैठणावरून आलेली गोदावरीच पुढें अंबड-घनसावंगीची दक्षिण सीमा होते. हें झालें नांवाचें नातें. कामाचें नातें याहून जवळचें असून तें लोखंडाच्या सांध्यांतून जातें.

पाण्यांत दर दहा मीटर खालीं गेलें कीं दाब चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोग्रॅमनें वाढतो. तीनशें मीटर खोलीवर दहा सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद तुकड्यावर, म्हणजे तळहाताएवढ्या जागेवर, तीन टन भार येतो. पाणबुडीचें कवच नळीसारखें वाटोळें असतें तें याचसाठीं. गोलाई हा भार चोहोंकडे सारखा वांटून घेते. परंतु कवच भक्कम असून भागत नाहीं. यंत्रें थंड ठेवण्यास समुद्राचें पाणी नळांतून आंत घ्यावें लागतें, आणि त्या नळांतहि बाहेरच्याइतकाच दाब असतो. एखादा लहानसा जोडहि मग साऱ्या कवचाइतकाच जोखमीचा ठरतो.

अमेरिकेची 'थ्रेशर' ही पाणबुडी १० एप्रिल १९६३ रोजीं खोल बुडीच्या चाचणीस गेली, ती वर आलीच नाहीं. १२९ माणसें गेलीं. त्यांतील १७ जण नौसैनिक नव्हते. चाचणीसाठीं बरोबर गेलेले गोदीचे व यंत्रकामाचे जाणकार होते. नळाचा झाळलेला सांधा निखळून पाणी शिरलें असावें, असें चौकशींत संभाव्य कारण देण्यांत आलें. बोट गोदींत असतां कांहीं सांधे ध्वनिलहरींनीं तपासले गेले होते, व त्यांपैकीं सुमारें १४ टक्के कमअस्सल ठरले होते. उरलेले बहुसंख्य सांधे तपासलेच गेले नाहींत! पुढें तेथें दंडक झाला कीं, कवचाचा व समुद्रजलाच्या नळांचा प्रत्येक महत्त्वाचा भाग कोणत्या धातूचा, कोणीं जोडला व कोणीं तपासला, याची लेखी नोंद राहिलीच पाहिजे. या दंडकानुसार प्रमाणित झालेली एकहि पाणबुडी त्या देशानें नंतर गमावलेली नाहीं.

भारताची पहिली पाणबुडी 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजीं नौदलांत आली, ती सोव्हिएत बनावटीची होती. मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली 'शाल्की' १९९२ सालीं दाखल झाली; आणि २०१७ ते २०२५ या अवधींत तेथूनच नव्या 'कलवरी'पासून 'वाघशीर'पर्यंत सहा पाणबुड्या बाहेर पडल्या. अशी एक बोट सुमारें ६७ मीटर लांब. तेवढ्यांत चाळिसांवर माणसें, साडेसातशें किलो वजनाचा एक असे ३६० विद्युत्-घट, सुमारें ११ किलोमीटर नळ व ६० किलोमीटर तारा. घट भरतांना त्यांतून हायड्रोजन वायु सुटतो, म्हणून वारा खेळता ठेवणें हेंहि प्राणरक्षणाचेंच काम होय.

जोखीम दूरदेशींचीच आहे असें नव्हे. १४ ऑगस्ट २०१३ रोजीं 'सिंधुरक्षक' मुंबईच्या गोदींतच स्फोट होऊन बुडाली व अठरा नौसैनिक गेले. सहा महिन्यांनीं 'सिंधुरत्न'वर धूर होऊन दोन अधिकारी मृत्यु पावले. अशी वार्ता येते तेव्हां किती घरांत चूल थंड राहते! खोल पाण्यांत साध्या रेडिओच्या लहरी शिरत नाहींत. अतिदीर्घ लहरी थोड्या मीटरांपर्यंत पोंचतात, पण त्यांवरून बोटीस नुसतें ऐकतां येतें, उत्तर देतां येत नाहीं. बोट कोठें आहे हें पत्नीला ठाऊक नसतें. बंदराच्या वसाहतींत तिच्यासारख्याच इतर जणी सोबतीला असतात. सासरीं वा माहेरीं जालन्यास आलेली मात्र एकटी पडते. "कधीं येणार?" हा प्रश्न शेजाऱ्यांनीं वारंवार विचारूं नये. मुलाचा शाळाप्रवेश, सासऱ्यांचें औषधपाणी, बँकेचें काम, यांस हातभार लावावा; सरकारी कामाची नड असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची वाट दाखवावी. दुर्घटनेची आवई उठली तर नौदलाचें निवेदन येईपर्यंत तिच्या दारीं ती नेऊं नये, ही माणुसकी तर कोणासहि साधण्यासारखी आहे.

परंतु त्या घराचा खरा भरंवसा सांध्यावर असतो, व सांधा कारागिराच्या हातीं. जालन्याची सळई पाणबुडीच्या कवचास चालावयाची नाहीं. त्यास निराळें, कसून पारखलेलें पोलाद लागतें. मात्र भट्टीच्या गांवांत वाढलेल्या मुलास लोखंडाचें भय नसतें, हें भांडवल लहान नव्हे. माझगांव गोदी आठवी व दहावी झालेल्या, तसेंच औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून उत्तीर्ण झालेल्या मुलांस उमेदवारीस घेत आली आहे. वेल्डर, फिटर, नळजोडणीकार, वीजतंत्री हे त्यांचे व्यवसाय. गणिताचा कंटाळा करणाऱ्या मुलांस तेवढें सांगून ठेवावें कीं, नकाशा वाचल्यावांचून तेथें कोणी हत्यारास हात लावूं देत नाहीं. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या सांध्याच्या पोटांत बुडबुडा राहूं शकतो. क्ष-किरणांच्या फिल्मवर तो काळा ठिपका होऊन उमटतो, आणि दोष मर्यादेबाहेर ठरला तर तेवढा भाग कोरून काढून सांधा पुन्हां भरावा लागतो व पुन्हां तपासणीस द्यावा लागतो.