कंबरेच्या जागी एक बिंदू

वाचकहो, आपल्या घरात एखादे वारली चित्र असेलच. भिंतीवर नसले तर पिशवीवर. ते एकदा माझ्यासोबत पाहा.

धुळ्यातील माझ्या दवाखान्यात बाकासमोर भातलावणीचे वारली चित्र आहे. गेरूच्या तांबड्या भूमीवर पांढऱ्या रेषा. क्षितिज नाही, सावली नाही. डोंगर, झाडे, बैल, माणसे सारी एकाच पातळीवर. पूर्वी लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाष्णी अशी चित्रे काढीत. डहाणू परिसरातील जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी ही कला कागदावर आणि कापडावर नेली; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आकृती नीट पाहा. धड म्हणजे टोकाला टोक टेकवलेले दोन त्रिकोण: वर खांदे, खाली नितंब आणि मध्ये कंबरेच्या जागी केवळ एक बिंदू. लावणी करणाऱ्या बाईचा वरचा त्रिकोण आडवा झाला, की सगळे ओझे त्या बिंदूवर येते. वाकून काम करताना कमरेच्या खालच्या मणक्यांवर नेमका असाच ताण पडतो. आम्ही हे पुस्तकांतून शिकलो. या चित्रकारांना ते शेतातच दिसले असावे.

कापूस वेचणीच्या दिवसांत पारोळ्याकडच्या एक आजी त्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आमनी कंबर बी आशीच शे." मी त्यांना तीन वर्षे "वाकू नका" असे बजावत आलो होतो. जिचे पोट वेचणीवर चालते, तिला हा सल्ला! त्या दिवशी प्रथमच विचारले, किती वेळ वाकता, ओटीत कापूस किती साठवता, आणि दुखले तर काय घेता? तेव्हा कळले, की दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज पोटात जात होती, तीही दोन वर्षे. रक्त तपासले, क्रिएटिनिन वाढलेले होते. अशा गोळ्यांनी मूत्रपिंड बिघडू शकते आणि ते लवकर जाणवतही नाही. आपल्या घरात कोणी अशी गोळी नित्य घेत असल्यास आजच डॉक्टरांना सांगा.

गोळी थांबवली. ओटी अर्धी भरली की रिकामी करायची, आणि तेवढ्यात सरळ उभे राहून पाठ ताणायची, असे ठरले.

जाताना आजींनी चित्रात ताठ उभी असलेली एकच बाई हेरली. ही काम का करत नाही, असे मी सहज विचारले. त्या म्हणाल्या, ती सगळ्यांसाठी पाणी घेऊन आली असेल.