चित्राचा अर्थ

एकादें चित्र पुढें आलें कीं आपला पहिला प्रश्न असतो, 'हें कशाचें चित्र?' आणि त्यामागोमाग दुसरा, 'याचें तात्पर्य काय?' धड्याखालीं तात्पर्य लिहिण्याची संवय लागल्यामुळें प्रत्येक कलाकृतीच्या पोटांत एक बोधवाक्य दडविलेलें असतेंच, असा आपला समज होऊन बसतो. हा समज सर्वस्वीं खरा नाहीं, असें आपल्या आयुष्यभराच्या कामानें दाखविणारे एक थोर चित्रकार महाराष्ट्रांत होऊन गेले. त्यांचें नांव वासुदेव गायतोंडे.

गायतोंडे यांचें घराणें मूळचें गोव्याचें; त्यांचा जन्म १९२४ सालीं नागपुरास झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनीं १९४८ सालीं मिळविली. आरंभीं त्यांनीं जुन्या भारतीय लघुचित्रांचा अभ्यास केला. त्या चित्रांतील आकृति वगळल्या तरी रंगांचा परस्पर मेळ उरतोच, हें त्यांस उमगलें आणि तेथून त्यांची वाट निराळी झाली. १९५७ सालीं टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनांत त्यांस पहिलें पारितोषिक मिळालें. १९६४ सालीं रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ सालीं 'पद्मश्री' मिळाली. पुढें दिल्लीस लहानशा जागेंत राहून ते काम करीत. २००१ सालीं त्यांचें निधन झालें.

लोक त्यांच्या चित्रांस 'अमूर्त' म्हणत. त्यांस तो शब्द मान्य नव्हता. आपलीं चित्रें 'वस्तुनिरपेक्ष' आहेत, असें ते म्हणत. भेद सूक्ष्म, पण महत्त्वाचा आहे. झाड पाहून त्याचीं पानें, फांद्या गाळीत गेलें कीं झाडाचें अमूर्त रूप उरतें. तरी मूळ झाड मागें उभें असतेंच. वस्तुनिरपेक्ष चित्राच्या मागें अशी कोणतीहि वस्तु नसते. तें स्वतःच एक वस्तु असतें, जसा एकादा सूर कशाचीहि नक्कल नसून केवळ सूर असतो.

मग अशा चित्रांत कल्पना कोठें असते? आपण समजतों कीं चित्रकार आधीं मनांत एक विचार ठरवितो आणि मग तो रंगवितो. गायतोंडे यांची रीत अशी नव्हती. रमण महर्षि, जे. कृष्णमूर्ति आणि जपानांतील झेन पंथ यांच्या विचारांकडे त्यांचा ओढा होता. चित्राचा उगम शांततेंत आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून ते पुष्कळ काळ नुसते स्तब्ध बसून राहत. वर्षाकाठीं जेमतेम पांचसहा चित्रें पुरीं होत. रोलरनें रंगाचे थर द्यावे, सुरीनें कांहीं खरवडावे, पुन्हां वर पातळ थर द्यावा, असें करतां करतां आंतून उजेड फुटल्यासारखा फलक दिसूं लागे. विचार रंगाच्या आधीं येत नसे; तो रंगाबरोबरच घडत असे.

'तर मग वाटेल तसे रंग फासले तरी चित्र होईल!' असें कोणी म्हणेल. तसें नाहीं. आकृति काढण्याची विद्या पूर्ण साधल्यावरच त्यांनीं आकृति सोडल्या. ज्याला कांहीं येत नाहीं, त्याच्याजवळ सोडण्याजोगें तरी काय असतें?

'शब्दांत सांगतां येत नाहीं तो अर्थच नव्हे,' ही दुसरी शंका. तिचें उत्तर आपल्या स्वयंपाकघरांत आहे. खापरावरील मांड्याची चव शब्दांनीं सांगतां येत नाहीं, म्हणून त्याला चव नाहीं असें कोणी खानदेशी मनुष्य म्हणणार नाहीं. अजिंठ्यालाहि हाच अनुभव येतो. तेथील चित्रकारांजवळ सांगावयास कथा होत्या. तरी कथा ठाऊक नसलेला प्रवासीहि पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीपुढें क्षणभर बोलणें विसरतो. तें विसरणें हाहि अर्थच होय.

पालकांनीं यांतून एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. मुलानें कागदावर रंग पसरले कीं 'हें काय काढलेंस?' असें आपण दरडावून विचारतों. मूल ओशाळतें आणि दुसऱ्या दिवशीं दोन डोंगर, मधून सूर्य, एक झोपडी आणि शेजारीं नारळाचें झाड काढून आणतें. आपण संतुष्ट होतों. आपल्या कोरड्या मुलखांत तें झाड त्यानें कधीं नीट न्याहाळलेलेंहि नसतें! अर्थ सांपडला, पण पाहणें हरवलें. २०१३ सालीं मुंबईच्या लिलांवांत गायतोंडे यांचें एक चित्र तेवीस कोटींहून अधिक रुपयांस गेलें, हें ऐकून त्यांस मोठें म्हणूं नये. किंमत हाहि चित्राचा अर्थ नव्हे.

विद्यार्थ्यांनीं एवढेंच करावें: आपल्या पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्यापुढें एका सायंकाळीं पाव घटका मुकाट्यानें बसावें. दगडांवरील ऊन कसें कसें बदलतें तें पाहावें. किल्ल्याचा इतिहास तेवढ्यापुरता बाजूस ठेवावा. तो पुस्तकांत सुरक्षित आहे. मग घरीं येऊन, तट न काढतां, केवळ तें ऊन रंगवून पाहावें.