ऐच्छिक नोंदणीची सक्तीची किंमत

भारतीय भागीदारी कायदा, 1932 भागीदारी संस्थेच्या नोंदणीची सक्ती करत नाही. स्टॅम्पपेपरवर करारनामा झाला, पॅन मिळाले, गुमास्ता आणि जीएसटीचे सोपस्कार उरकले की धंदा सुरू होतो आणि तो बेकायदाही ठरत नाही. त्यामुळे भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडची नोंदणी ‘पुढे बघू’ म्हणून मागे पडते. यापैकी कोणताही कागद त्या नोंदणीची जागा घेत नाही. करारनामा नोटरीकडून साक्षांकित केलेला असला तरीही नाही. नोंदणी केली नाही म्हणून कुणी दंड करत नाही, पण याच कायद्याच्या कलम 69 मुळे अशा संस्थेला ऐन अडचणीच्या वेळी न्यायालयाचे दार बंद होते.

समजा, दोघांनी भागीदारीत रंगांचे दुकान काढले आणि एका कंत्राटदाराला सहा लाखांचा माल उधारीवर दिला. त्याने पैसे बुडवले. दुकानाने दावा लावला, तर माल मिळालाच नाही असे कंत्राटदाराला म्हणावे लागत नाही. संस्था नोंदलेली नाही, एवढे दाखवले की पुरते. कराराच्या आधारे बाहेरच्या माणसावर दावा लावण्याचा हक्क अशा संस्थेला नाही. उलट रंग कंपनीचे बिल थकले, तर कंपनी खुशाल दावा लावू शकते आणि वसुली भागीदारांच्या घरादारापर्यंत पोहोचू शकते. भागीदारांचे आपसांत बिनसले तरी हीच गत. धंदा चालू असताना नफ्यातल्या वाट्यासाठी दावा करता येत नाही. संस्था विसर्जित करा आणि हिशेब द्या, एवढेच मागता येते. महाराष्ट्राने 1984 च्या दुरुस्तीने हीसुद्धा वाट जवळपास बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली.

यावर आक्षेप येतो की, हा तर बुडव्यालाच इनाम देण्याचा प्रकार झाला. त्यात तथ्य आहे. पण पेढीच्या नावामागे नेमकी कोणती माणसे जबाबदार आहेत, हे बाहेरच्याला सरकारी नोंदवहीत पाहता यावे, हा या तरतुदीचा हेतू आहे. शिवाय न्यायालयांनी तिची धार मर्यादित ठेवली आहे. हल्दीराम खटल्यात 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, व्यापारचिन्हासारखा कराराबाहेरचा हक्क नोंदणीअभावी अडत नाही. दुसरा युक्तिवाद असा की, तंटा झाला की तेव्हा नोंदणी करू. नोंदणी केव्हाही करता येते हे खरे, पण दावा दाखल होण्याच्या दिवशी संस्था नोंदलेली आणि दावा करणाऱ्या भागीदारांची नावे नोंदवहीत असावी लागतात. दाव्यानंतरची नोंदणी तो दावा वाचवत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितले आहे. नव्याने दावा लावता येतो, पण उधारीच्या वसुलीची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि कज्ज्यात वर्षे कशी सरतात, हे सांगायला नको.

म्हणून ‘ऐच्छिक’ या शब्दावर विसंबू नका. करारनाम्यावर सह्या झाल्या की लगेच नोंदणीचा अर्ज करा आणि भागीदार बदलला की ती नोंदही वेळेवर करून घ्या.