कूटबद्ध संदेश, शासनाचा आग्रह आणि नागरिकाचे खासगीपण

प्रस्तावना :
१ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांची जमावाने हत्या केली. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा त्या काळात मोबाइलवरील संदेशांतून पसरली होती. दोनच दिवसांनी केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सअॅपला अशा संदेशांना आळा घालण्याविषयी समज दिली आणि त्याच महिन्यात दुसऱ्या नोटिशीद्वारे संदेशाचा माग काढण्याची व्यवस्था मागितली. प्रस्तुत लेखात या मागणीचे स्वरूप आणि खासगीपणाच्या अधिकाराशी असलेला तिचा संबंध स्पष्ट केला आहे.

कूटबद्धीकरणाचे स्वरूप :
व्हॉट्सअॅपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संदेशांसाठी दोन टोकांदरम्यानचे कूटबद्धीकरण लागू केले. यात प्रत्येक मोबाइलवर सार्वजनिक व गुप्त अशा सांकेतिक किल्ल्या तयार होतात. त्यांच्या आधारे बंद केलेला संदेश केवळ स्वीकारणाऱ्याच्या मोबाइलवर उघडतो. कंपनीचे कार्य मोहोरबंद पाकीट पोहोचविणाऱ्या पोस्टमनसारखे असते; पत्ता तिला दिसतो, मजकूर दिसत नाही. वाशिमसारख्या जिल्ह्यातही महाविद्यालयीन सूचना, सोयाबीनचे भाव, बँकेची कागदपत्रे आणि रुग्णांचे अहवाल याच मार्गाने जातात. म्हणून हा प्रश्न महानगरांपुरता मर्यादित नाही.

शासनाची भूमिका :
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९ अन्वये संदेश उलगडून देण्याचा आदेश देता येतो. परंतु ज्याच्याकडे किल्लीच नाही, त्याला असा आदेश पाळता येत नाही. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांतील नियम ४(२) नुसार, ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या आणि मुख्यतः संदेशसेवा देणाऱ्या कंपन्यांनी आदेश मिळाल्यास संदेशाचा पहिला प्रेषक ओळखून देणे बंधनकारक झाले. हा आदेश राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, बालकांचे लैंगिक शोषण अशा गंभीर बाबींपुरता मर्यादित आहे. अन्य सौम्य उपाय उपलब्ध असल्यास तो देता येत नाही, तसेच मजकूर उघड करण्याची सक्ती नाही. या मर्यादा लक्षात घेता शासनाची भूमिका सर्वस्वी अवाजवी म्हणता येत नाही.

अडचणीचे मूळ :
उद्या कोणत्या संदेशाची चौकशी होईल हे आज कोणासही ठाऊक नसते. त्यामुळे एका प्रेषकाचा शोध शक्य व्हावा म्हणून प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशावर खूण करून तिची नोंद जपावी लागेल. आदेश एकाविरुद्ध असला, तरी नोंद सर्वांची राहील. आयआयटी मुंबईचे प्रा. मनोज प्रभाकरन यांनी २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयातील प्रकरणासंदर्भात तयार केलेल्या अहवालात अशा योजनेच्या परिणामकारकतेविषयी आणि खासगीपणावरील तिच्या परिणामाविषयी गंभीर शंका नोंदविल्या. मजकूर नव्याने टंकलिखित केला अथवा त्याचे छायाचित्र पाठविले, तर माग तुटतो. शिवाय २०१८ मध्ये देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील बालअपहरणविरोधी जनजागृतीपटातून कापलेली होती. उगम परदेशात असल्यास भारतातील पहिला प्रेषकच नियमानुसार मूळ प्रेषक मानला जातो. तो भीतीपोटी नातलगांना सावध करणारा सामान्य पालकही असू शकतो.

न्यायालयीन दृष्टी :
२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने मान्य केले. त्यावरील निर्बंधास कायद्याचा आधार, न्याय्य हेतू आणि प्रमाणबद्धता आवश्यक ठरली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात दूरध्वनी टॅप करण्याचे आदेश रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी एकही कारण तेथे सिद्ध होत नव्हते. तेथे पाळत एका व्यक्तीवर होती आणि तिचा लेखी आदेश न्यायालयास तपासता आला. सर्वांच्या संदेशांवर आधीच केलेल्या खुणेस असा स्वतंत्र आदेश नसतो. व्हॉट्सअॅपने मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात या नियमास आव्हान दिले. एप्रिल २०२४ मधील सुनावणीत, कूटबद्धीकरण मोडण्यास भाग पाडल्यास सेवाच थांबेल, असे कंपनीच्या वकिलांनी सांगितले. अर्थात, कंपनीचे व्यावसायिक हित आणि नागरिकाचे खासगीपण नेहमी एकच असते, असे मानण्याचे कारण नाही.

समारोप :
जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. या उपायासाठी कोणाचाही संदेश वाचावा लागत नाही, तरी अफवेचा वेग कमी होतो. राईनपाड्यातील पाच जणांचे प्राण वाचण्यासाठी संशयाच्या पहिल्या क्षणी संरक्षण आणि गावात विश्वासार्ह माहिती यांची गरज होती. पहिल्या प्रेषकाचे नाव हत्येनंतरच्या तपासात उपयोगी पडले असते, पण त्यासाठी निरपराध नागरिकांच्या संदेशांचीही कायम नोंद ठेवावी लागली असती. शोधक्षमतेच्या नियमाची प्रमाणबद्धता ठरविताना या दोन्ही बाजू एकत्र तोलल्या जाणे आवश्यक आहे.